तिकडचं गणित सोपं असतं म्हणे

भाचीच्या साखरपुड्याला आम्ही सगळे सांगलीला जमलो होतो. पंगती उठल्या होत्या, मागच्या दारी आचारी कढया खरवडत होते आणि बाहेर ऊन असं होतं की कुणाचाच पाय हॉलबाहेर निघेना. नानामामांना रिकामी पोरं दिसली की पाढे आठवतात. त्यांनी पंख्याखाली सगळ्यांना गोळा केलं आणि विचारलं, "सतरा साते?" सांगलीतला सहावीतला पोरगा प्रश्न पुरा व्हायच्या आत "एकशे एकोणीस" म्हणून मोकळा झाला. त्याच्याच वयाचा, न्यू जर्सीहून आलेला माझ्या चुलतभावाचा मुलगा मात्र छताकडे बघत राहिला. ओठ हलत होते, एका हाताचं बोट दुसऱ्या तळव्यावर काहीतरी लिहीत होतं. मग त्यानेही सांगितलं, एकशे एकोणीस. मी विचारलं, कसं काढलंस रे? "टेन सेव्हन्स सेव्हन्टी, सेव्हन सेव्हन्स फॉर्टीनाइन, मग ॲड केलं." नानामामा हसले, खिशातून पन्नासाची नोट काढून सांगलीकराला दिली आणि जर्सीकराच्या पाठीवर नुसतीच थाप मारली. त्यावर त्या मुलाचा बाप, माझा चुलतभाऊ, स्वतःच म्हणाला, "तिकडचं गणित फार सोपं असतं हो. आपल्याकडचं चौथीचं तिकडे सातवीला." हे ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. मठ्ठ्याचा आणखी एक ग्लास फिरला.

मला त्या पन्नास रुपयांनी परतीच्या प्रवासात छळलं. उत्तर दोघांचंही बरोबर होतं. एकाकडे ते होतंच, दुसऱ्याने ते तिथल्या तिथे तयार केलं. बक्षीस कशाचं होतं मग? वेगाचं म्हणावं, तर कॅल्क्युलेटरलाही द्यायला हवं. आणि तरीही, खोटं कशाला बोलू, त्या पोराने तोंडातून शब्द पडायच्या आत उत्तर दिलं तेव्हा माझीही छाती जराशी फुगली होती.

कारण मी त्याच तालमीतली. संध्याकाळी दिवा लागला की परवचा, आणि परवच्यानंतर पाढे. तीसपर्यंतचे साधे, आणि त्यानंतर अपूर्णांकांचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. आमच्या आजोबांना औटकी येत होती, म्हणजे साडेतीनचा पाढा, आणि ते तो डोळे मिटून, मांडीवर हात आपटत म्हणायचे. शंभराच्या पुढे गेलं की आकड्यांचे उच्चारच बदलायचे, 'पंचोदरसे', 'बारोदरसे', 'वीसासे'. अर्थ फार उशिरा कळला; तोवर ते मंत्रच होते. आज हे सगळं आठवतं तेव्हा जिभेला आधी चाल आठवते, मग आकडा. चाल चुकली तर आकडाही हरवतो.

पुढे कुतूहलाने बघितलं, कुठे कितीपर्यंत पाढे असतात. जपानमध्ये दुसरीतच 'कुकु' पाठ करून घेतात, पण ते नवापर्यंत. जर्मनीत शाळेचा खरा आग्रह दहापर्यंतच. इंग्लंडात बारापर्यंत, आणि तिथे आता चौथ्या इयत्तेच्या मुलांची संगणकावर सक्तीची चाचणी होते: पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. हे बारा कुठून आलं तर शिलिंगात पेन्स बारा होते म्हणून. पेन्स-शिलिंगची ती व्यवस्था १९७१ मध्ये गेली, बारा राहिले. आपली पावकी-पाऊणकी पण रुपया-आणे-पैशांच्या बाजारातूनच आलेली. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, पावशेर तूप, अडीच शेर ज्वारी. १९५७ च्या एप्रिलात दशमान नाणी आली आणि औटकीची पेठच उठली. म्हणजे कुठल्या देशाचं पोर कितीपर्यंत पाढे म्हणतं यावरून त्या देशाचा जुना बाजार कसा चालायचा ते कळतं. त्यावरून गणिताचा दर्जा ठरवायचा तर जपान आपल्या कितीतरी मागे पडेल.

जपान मागे नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

सिंगापूरचं एक गणित सांगते. २०२१ मध्ये तिथल्या सहावीच्या शालान्त परीक्षेत आलं होतं आणि मुलं पेपरहून रडत घरी आली म्हणून त्याचा बराच गाजावाजा झाला. हेलन आणि आयव्हन, दोघांकडे सारखीच नाणी. हेलनकडे वीस सेंटची ६४ आणि बाकी पन्नास सेंटची. आयव्हनकडे वीस सेंटची १०४ आणि बाकी पन्नास सेंटची. जास्त पैसे कुणाकडे, आणि कितीने? मग दुसरा भाग: पन्नासाचं नाणं विसाच्या नाण्यापेक्षा २.७ ग्रॅमने जड आहे, हेलनच्या सगळ्या नाण्यांचं वजन १.१३४ किलो, आयव्हनच्या नाण्यांचं किती? मी उभी हयात हिशेब तपासण्यात घालवली, त्यामुळे हात आपोआप क्ष आणि य मांडायला गेला. मांडले, आणि अडकले. पन्नासाची नाणी किती ते कुठेच दिलेलं नाही आणि दिलेल्या माहितीवरून काढताही येत नाही. क्ष कुठून आणायचा? बराच वेळ मी त्या न दिलेल्या आकड्याच्या मागे लागले होते.

सिंगापूरचा सहावीतला मुलगा काय करतो, तर दोन पट्ट्या काढतो. एक हेलनची, एक आयव्हनची, सारख्या लांबीच्या, कारण नाणी सारखी. दोन्हीत ६४ विसाची नाणी सारखीच, ती झाकून टाकायची. आयव्हनच्या पट्टीत विसाची चाळीस जास्त, म्हणजे त्याच जागी हेलनकडे पन्नासाची चाळीस जास्त. उरलेलं पुन्हा सारखं, तेही झाका. आता उरली चाळीस जागांची अदलाबदल. प्रत्येक जागी तीस सेंटचा फरक, म्हणजे हेलनकडे बारा डॉलर जास्त. प्रत्येक जागी २.७ ग्रॅम, म्हणजे १०८ ग्रॅम, ते १.१३४ मधून वजा, १.०२६ किलो. संपलं. पन्नासाची नाणी किती होती हे शेवटपर्यंत कळत नाही आणि कळायची गरजही पडत नाही. यातल्या बेरीज-वजाबाक्या आपल्या चौथीतल्या मुलालाही जमतील. अवघड आहे ते वेगळंच: काय बघायचं नाही हे ठरवणं.

या पट्ट्या तिथे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आल्या. खो तेक होंग नावाच्या शिक्षणतज्ज्ञाच्या चमूने त्या पाठ्यपुस्तकात आणल्या, कारण मुलं साधी शाब्दिक उदाहरणं सोडवू शकत नव्हती. आधी वस्तू हातात, मग तिचं चित्र, मग चिन्ह, असा क्रम, आणि मुळातली ही कल्पना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनरची. गंमत बघा, अमेरिकेची कल्पना सिंगापूरने घेतली, १९९५ मध्ये आठवीच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान पाहणीत ते पहिले आले, आणि मग अमेरिकेतल्या शाळा सिंगापूरची पुस्तकं मागवू लागल्या. त्याच पाहणीच्या वेळी अभ्यासकांनी देशोदेशीची पाठ्यपुस्तकं शेजारी ठेवून पाहिली. अमेरिकेची सगळ्यात जाडजूड आणि त्यांतले विषय सगळ्यात जास्त होते. म्हणजे माझा चुलतभाऊ म्हणतो ते 'सोपं गणित' कमी शिकवून सोपं झालेलं नव्हतं. दरवर्षी सगळंच थोडं थोडं शिकवल्याने झालं होतं. उलट सिंगापूरच्या पंतप्रधानांनी २००४ मध्ये जाहीर भाषणात सांगितलं की शिक्षकांनी कमी शिकवावं म्हणजे मुलं जास्त शिकतील, आणि तिथल्या अभ्यासक्रमातून खरोखरच धडे गेले. आपल्याकडे धडा वगळला की दुसऱ्या दिवशी अग्रलेख येतो.

सिंगापूरचं फार कौतुक करायचं कारण नाही, हेही लगेच सांगून टाकते. २०२३ च्या घरखर्चाच्या पाहणीत तिथल्या कुटुंबांचा वर्षाचा शिकवणीवरचा खर्च १.८ अब्ज सिंगापूर डॉलर भरला. देश आपल्या मुंबईपेक्षा लहान लोकसंख्येचा. मुलांवरचा ताण फार झाला म्हणून सरकारला सहामाही परीक्षाच रद्द कराव्या लागल्या. त्या नाण्यांच्या गणितानंतर रडणारी मुलं आणि चिडलेले पालक अगदी आपल्यासारखेच होते. दहावीच्या पेपरात एक उदाहरण पुस्तकाबाहेरचं आलं की आपल्याकडे 'सरसकट गुण द्या' म्हणून निवेदनं जातात, तसंच.

दुसरं गणित पिझ्झाचं. 'पिसा' नावाची आंतरराष्ट्रीय परीक्षा २००० सालापासून दर तीन वर्षांनी (कोविडमध्ये एकदा चारवर गेली) पंधरा वर्षांच्या मुलांची घेत आले आहेत. तिच्या जुन्या नमुना प्रश्नांत हा आहे: एका दुकानात सारख्याच जाडीचे दोन गोल पिझ्झे मिळतात. लहान ३० सेंटीमीटर व्यासाचा, किंमत ३० झेड. मोठा ४० सेंटीमीटरचा, किंमत ४० झेड. कुठला घेणं फायद्याचं? कारण द्या. (झेड हे त्या परीक्षेचं स्वतःचं चलन, कुणाला ओळखीचं नको म्हणून.) आमच्या सोसायटीतला एक मुलगा दहावीत आहे, बीजगणित-भूमितीत चाळीसपैकी अडतीसच्या खाली उतरत नाही. त्याला जिन्यात गाठून विचारलं. तो म्हणाला, "काकू, सारखंच ना? सेंटीमीटरला एक झेड." मी नुसतीच बघत राहिले. मग तो म्हणाला, "हे कुठल्या धड्यातलं आहे?" मी म्हटलं, धड्यातलं नाही, दुकानातलं आहे. त्याने आणखी क्षणभर विचार केला, "थांबा, क्षेत्रफळ," असं म्हणाला, आणि पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात केलं. मोठा पिझ्झा पावणेदोन पटीहून जास्त आणि किंमत सव्वा पटीपेक्षा थोडीच वर. पाय आर वर्ग त्याला झोपेत विचारलं तरी येतं. प्रश्नात 'क्षेत्रफळ काढा' असे दोन शब्द नव्हते म्हणून ते बाहेर यायला वेळ लागला. पोरगा हुशार आहे, म्हणून निदान आलं तरी.

भारत या परीक्षेला एकदाच बसला. तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्यं, आणि ती काही शिक्षणात मागासलेली राज्यं नव्हेत. निकाल २०११ च्या डिसेंबरात आला. गणितात शांघाय ६००, तमिळनाडू ३५१, हिमाचल ३३८. सत्तरहून अधिक देश-प्रदेशांच्या यादीत आमच्या खाली फक्त किर्गिझस्तान. प्रश्न आपल्या मुलांच्या अनुभवविश्वाला धरून नव्हते, असं कारण सरकारी पातळीवरून पुढे आलं, आणि पुढच्या खेपेला आपण गेलोच नाही. मध्यंतरी पुन्हा बसायचं ठरलं होतं, तेव्हा कोविड आला. अनुभवविश्वाच्या तक्रारीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. हिमाचलातल्या खेड्यातल्या पोराने तेव्हा पिझ्झा पाहिलाही नसेल. पण भाकरी पाहिली असेल की, आणि वितीएवढी आणि ताटाएवढी यांतला फरकही.

शांघायचा तो आकडा पुढच्या खेपेला ६१३ वर गेला आणि जगभरचे मंत्री विमानात बसले. इंग्लंडच्या शिक्षण खात्यातल्या तेव्हाच्या मंत्री लिझ ट्रस २०१४ मध्ये तिथल्या शाळा बघून आल्या, आणि त्याच वर्षी शिक्षकांची देवाणघेवाण सुरू झाली. इंग्रजांना तिथे काय दिसलं? प्राथमिक शाळेतला गणिताचा शिक्षक फक्त गणित शिकवतो. दिवसाला पस्तीस-चाळीस मिनिटांचे दोन-तीन तास. बाकी वेळ त्याच दिवशी वह्या तपासणं, मागे पडलेल्या पोराला दुपारीच बसवून घेणं, आणि इतर शिक्षकांबरोबर उद्याच्या तासावर बोलणं. जपानमध्ये तर एका शिक्षकाचा तास बघायला बाकीचे भिंतीलगत उभे राहतात, तास संपला की त्या एका तासावर चर्चा करत बसतात. मुलांना दिलेलं उदाहरण सत्तावीसचं असावं की अठ्ठावीसचं, यावरसुद्धा. अगदी खुळ्यासारखं वाटतं ऐकायला, पण वर्गात कुठला आकडा द्यावा यावर कधी कुणी तासभर विचार केला होता का, असं मी आईला विचारलं.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. सातारा जिल्ह्यात, डोंगराच्या बाजूला, दोनशिक्षकी शाळा. दोन खोल्या, चार इयत्ता. तिने शांघायचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यांची जनगणना कोण करतं?" मग स्वतःच हसली. तिने मला पाढ्यांबद्दल जे सांगितलं ते मी कुठल्याही अहवालात वाचलं नव्हतं. पहिलीला काड्यांचे गठ्ठे बांधून दशक-एकक शिकवायचं असेल तर दुसरीचं काय करायचं? दुसरीला पाढे म्हणायला बसवायचं, मोठ्याने. आवाज चालू आहे तोवर वर्ग जागेवर आहे. आवाज थांबला की समजायचं, मारामारी लागली. "पाढे म्हणजे आमचा दुसरा मास्तर होता," ती म्हणाली. तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, सुताने बांधलेले, पत्र्याच्या डब्यात ठेवलेले. वजाबाकीत हातचा घ्यायचा तर गठ्ठा सोडायचा आणि काड्या सांडायच्या. सुटलेला गठ्ठा पुन्हा बांधणं हा पोरांचा आवडता भाग, त्यासाठी भांडणं व्हायची. सिंगापूरच्या पुस्तकात 'आधी वस्तू हातात' म्हणतात ते हेच. आईला ते ब्रूनरने सांगितलं नव्हतं. फक्त तिला त्यासाठी आठवड्यातून एखादाच निवांत तास मिळायचा, बाकी दिवस दुसरा मास्तर.

एकेकाळी आपल्याकडे शिक्षणावरचं कुठलंही भाषण फिनलंडचं नाव घेतल्याशिवाय संपत नसे. तिकडे गृहपाठ नाही, परीक्षा नाहीत, पोरं बर्फात खेळतात आणि तरी पहिली. २००३ मध्ये 'पिसा'त त्यांचे गणिताचे गुण ५४४ होते. २०२२ मध्ये ४८४. त्याच वर्षी सिंगापूर ५७५. आता फिनलंडची उदाहरणं बंद झाली, एस्टोनियाची सुरू झाली आहेत. मला फिनलंडवर राग नाही. तिथली मुलं अचानक मठ्ठ झाली असंही नाही. पण आपण देश बदलतो ते पंचांगातलं स्थळ बदलावं तसे, हे मात्र खरं.

आणि काही बदलायची वेळ आलीच तर आपण कसे वागतो, ते २०१९ च्या जूनमध्ये दिसलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक', 'बासष्ट'साठी 'साठ दोन' असं म्हणायची सोय आली आणि महाराष्ट्रात जो धुरळा उडाला तो विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी लहान मुलांची दांडी उडते. ऐकायला 'बासष्ट', लिहायला आधी सहा. बाजूच्या कन्नडमध्ये असंच दशक आधी म्हणतात, चिनी-जपानीतही. नॉर्वेने तर १९५१ मध्ये संसदेतून ठराव करून 'एक आणि वीस'चं 'वीस-एक' केलं, आणि सत्तर वर्षांनंतरही तिथली म्हातारी माणसं जुनंच म्हणतात, कुणाचं काही बिघडलेलं नाही. मला स्वतःला 'साठ दोन' कानाला बोचतं. 'एकोणसत्तर' या आकड्यावर माझा जीव आहे. पण त्या गदारोळात एक वाक्य सगळीकडे ऐकू येत होतं, 'सोपं केलं, म्हणजे दर्जा घालवला', आणि नानामामांची ती नोट तेव्हा मला अजून दिसली नव्हती, नाहीतर तेव्हाच काहीतरी लिहिलं असतं. आपल्याला अवघड म्हणजेच चांगलं वाटतं. आम्ही केलं, तुम्हीही करा.

तर ते हेलन-आयव्हनचं गणित मी आईपुढे ठेवलं. तिची ऐंशी कधीच उलटली. चष्मा पुसून तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कागद न मागता म्हणाली, "चाळीस नाणी बदलली, एवढंच ना?" मी क्ष मांडला होता हे तिला सांगितलं नाही. ती म्हणाली, "असलं आमच्याकडे शिष्यवृत्तीला असायचं." माझा सगळा युक्तिवाद त्या एका वाक्याने बसला. असायचंच की. शिष्यवृत्तीच्या पुस्तकांत नाणी, वयं, रांगेतली झाडं, उलटी घड्याळं, सगळं होतं, आणि त्यातली काही सिंगापूरला लाजवतील अशी. मग मी विचारलं, किती मुलांना बसवायचीस शिष्यवृत्तीला? पाच-सहा, ती म्हणाली, वर्षाला. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात, अंधार पडला की कंदिलात. त्यांतली दोघं पुढे इंजिनिअर झाली, एक मामलेदार. आणि बाकीची? "बाकीची घरी जायची. गुरं असायची त्यांना."

सिंगापूरमध्ये तो पेपर त्या वर्षी चाळीस हजारांच्या आसपास मुलांनी दिला. गणित अगदीच जड जाणाऱ्यांसाठी तिथेही वेगळा, सोपा पेपर असतो, पण बहुसंख्य मुलांपुढे हेलनची नाणी आली. त्यांच्या रडण्याचं मला वाईट वाटतं, आणि तरी हे रडणं आईच्या गावातल्या गुरांमागे गेलेल्या पोरांच्या वाट्याला आलं असतं तर, असंही वाटतं. त्यांना ते गणित जमलं नसतं असं आपण ठरवलं, कारण विचारलंच नाही.

म्हणून 'भारताचं गणित कसं आहे' या प्रश्नाचं एकच उत्तर देणाऱ्याकडे मी आता जरा संशयानेच बघते. २०२४ मध्ये बाथ इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये भारताची सहा मुलं जगात चौथी आली, चार सुवर्णपदकं घेऊन; या मुलांची निवड आणि तयारी मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रामार्फत होते. त्याच वर्षीच्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातली पाचवीची ३०.७ टक्के मुलं तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भाग देऊ शकली. दोन्ही खरं आहे. परदेशात गेलेले आपले लोक बहुतेक त्या व्हरांड्यातले असतात; तिथल्या सरसकट वर्गाशी ते आपल्या व्हरांड्याची तुलना करतात आणि 'तिकडचं सोपं' म्हणतात. सरसकटाशी सरसकट लावून बघितलं की ३५१ आणि ३३८ दिसतात.

२०२५ च्या सुरुवातीला नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तो वाचल्यापासून तर मी आणखीच गोंधळले आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांना त्यांनी तपासलं. वीस रुपये किलोने आठशे ग्रॅम बटाटे, पंधराने एक किलो चारशे ग्रॅम कांदे, दोनशेची नोट, परत किती? एकशे त्रेसष्ट, तोंडी, कागदाशिवाय, गिऱ्हाईक उभं असताना. त्याच मुलांना कागदावर पाठ्यपुस्तकी भागाकार दिला की बहुतेक जण गळाले. आणि जवळच्या शाळांतली मुलं नेमकी उलटी, कागदावर बरी, भाजीच्या हिशेबात चाचपडणारी. ब्राझीलमध्ये रेसिफीच्या रस्त्यावर शहाळी-नारळ विकणाऱ्या पोरांचं हेच १९८५ मध्ये कुणी नोंदवून ठेवलं होतं. पस्तीसचा एक, तर दहा कितीला? तीन एकशे पाचला, आणखी तीन म्हणजे दोनशे दहा, असं करत तो मुलगा साडेतीनशेवर पोचतो, दहाने गुणताना शून्य वाढवायचं शाळेतलं शहाणपण त्याच्या गावीही नसतं. जर्सीच्या पोराने सतरा साते काढले ते याच कुळीतलं, फक्त त्याला ते शाळेने शिकवलं होतं आणि या पोरांना शाळा ते विसरायला लावते.

पिझ्झावाल्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. चार दिवसांनी तो दुकानाचं पत्रक घेऊनच वर आला. सात इंची, दहा इंची, बारा इंची, तिन्हींच्या किमती. पत्रकाच्या मागे वर्ग करून भागाकार मांडलेले. मधला सगळ्यात महाग पडतो, त्याने सांगितलं, आणि लोक घेतात मधलाच, कारण तो मधला आहे. आता त्याला जाणून घ्यायचं होतं की कडेचा भाग, जिथे नुसता पावच असतो, तो वजा केला तर काय होईल, आणि त्याची रुंदी तिन्हींत सारखीच असते का. त्याने मोजपट्टीही आणली होती. तेवढ्यात खालून त्याच्या आईने हाक मारली, प्रश्नसंचातले अजून चार संच बाकी आहेत म्हणून. परीक्षा फेब्रुवारीत आहे, त्यामुळे तिचंही चूक म्हणता येत नाही. तो गेला, आणि पत्रक माझ्याकडेच ठेवून गेला, मार्चनंतर बघू म्हणाला.